अंगाचा रंग

रंगीत पेन्सिलींची नवी पेटी उघडली म्हणजे तिच्यात बहुधा एक फिकट, गुलाबीकडे झुकणारी पिवळसर पेन्सिल आढळते. तिच्या लाकडावर कोणते नाव छापलेले असते ते कारखान्यागणिक बदलते; परंतु शाळेत जाऊन तिसरी-चौथीतल्या मुलाला तिचे नाव विचारावे, तो क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, "हा स्किन कलर." अंगाचा रंग! हे सांगताना ती पेन्सिल त्याच्या स्वतःच्याच बोटांत असते, आणि त्या बोटांच्या व पेन्सिलीच्या रंगांत गूळ आणि तांदळाचे पीठ यांच्याइतके अंतर असते. तरी त्यात काही विसंगत आहे असे त्याला वाटत नाही. चित्रातल्या माणसाचे अंग निराळे आणि आपले अंग निराळे, हा करार त्याने कोणी न सांगता मान्य केलेला असतो.

या नावाची एक शाखा बरीच लांब, अमेरिकेत सापडते. क्रेयोला या नावाचे मेणाचे रंगीत खडू तेथे १९०३ पासून निघत आले आहेत. त्या पेटीतील याच छटेच्या खडूवर कित्येक वर्षे 'फ्लेश', म्हणजे अंगकांती, असे छापलेले असे. नागरी हक्कांची चळवळ जोर धरीत असतानाच्या काळात, १९६२ साली, ते नाव काढून त्याला 'पीच' असे फळाचे नाव देण्यात आले. पुढे १९९२ साली निरनिराळ्या वर्णांच्या खडूंचा एक संच निघाला आणि २०२० साली चोवीस छटांचा आणखी एक. म्हणजे ज्यांनी ते नाव छापले त्यांनी ते साठाहून अधिक वर्षांपूर्वी टाकून दिले. आपण मात्र, जेथे त्या रंगाचा माणूस गर्दीत शोधून काढावा लागतो, तेथे ते अद्याप जपून वापरीत आहो.

मुलांच्या खेळातली गोष्ट म्हणून हे सोडून देता आले असते. पण तो मुलगा मोठा होतो. चाळिशीत किंवा साठीत, नोकरीचा व्याप थोडा उतरल्यावर, त्याला वाटते की आपल्या आईचा चेहरा आपल्या हाताने काढावा. सवयीने हात त्याच पेन्सिलीकडे जातो. नाक बरोबर उतरते, ओठांची ठेवण साधते, कपाळावरचे कुंकू जागच्या जागी असते. आणि तरीही कागदावर कोणी परकीच बाई बसलेली दिसते. तो समजतो की आपल्या रेखाटनात खोट आहे. पुन्हा खोडतो, पुन्हा काढतो. खोट रेखाटनात नसते. आज मी बोलणार आहे ते अशा माणसांविषयी आणि त्यांच्या या खटपटीविषयी. ज्यांना ना कलाशाळा लाभली ना गुरू, पण माणसाचा चेहरा काढल्यावाचून ज्यांना राहवत नाही. मी स्वतः याच वाटेने आलेला आहे.

अशा माणसाच्या हाती रंगीत पेन्सिलच का पडते, याची कारणे साधी आहेत. तैलरंगांना खर्च लागतो, वास सहन करणारे शेजारी लागतात आणि शक्य तर एक वेगळी खोली लागते. जलरंग एकदा वाहिला की परत बोलावता येत नाही. रंगीत पेन्सिल मात्र स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसूनही चालते. कुकरची शिट्टी झाली की खाली ठेवावी, तासाभराने पुन्हा उचलावी. ती वाळत नाही, सांडत नाही. शिवाय ती घरात असतेच. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या उद्योगाने तिला मराठी मुलांच्या दप्तरात केव्हाच नेऊन बसविले, आणि मुलाने अर्धी वापरून टाकलेली पेटी हीच कित्येक आईबापांची पहिली चित्रसामग्री ठरली आहे. कलेच्या दरबारात तिला मान मिळण्यास मात्र वेळ लागला. खास चित्रकारांसाठी केलेल्या पेन्सिली जर्मनीच्या फाबर-कास्टेल कंपनीने १९०८ सालीच बाजारात आणल्या होत्या. पण डेव्हिड हॉकनीसारख्या नामवंत इंग्रज चित्रकाराने १९७० नंतरच्या वर्षांत आपली मैत्रीण सेलिया बर्टवेल हिची व्यक्तिचित्रे रंगीत पेन्सिलीने काढली, तेव्हा कोठे पुष्कळांच्या भुवया खाली आल्या. अमेरिकेत या माध्यमाच्या चित्रकारांची स्वतंत्र संस्था १९९० साली निघाली. असो. मानपानाचा प्रश्न आपल्या विषयाला फारसा लागत नाही.

लागतो तो पेन्सिलीच्या घडणीचा प्रश्न. शिसपेन्सिल आणि रंगीत पेन्सिल बहिणीबहिणी दिसतात, पण त्यांचे कूळ वेगळे आहे. फ्रान्समधील निकोला-जाक काँते याने १७९५ साली ग्राफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजण्याची युक्ती काढली. आजची शिसपेन्सिल त्याच वंशातली. रंगीत पेन्सिलीचे शिसे भट्टीत जात नाही. रंगाची पूड, तिला अंग देण्यासाठी चिनी माती किंवा शंखजिरे, ओघवतेपणासाठी मेण अगर तेल, आणि हे सारे धरून ठेवणारा एखादा चिकट पदार्थ, एवढ्यांचा तो गोळा असतो. भट्टीच्या आचेत मेण उरणार नाही आणि पुष्कळसे रंगही उरणार नाहीत, म्हणून तो नुसताच वाळवितात.

मेणाचा हा अंश ध्यानात ठेवला म्हणजे या माध्यमाचे सारे स्वभावगुण उलगडतात. येथे रंग ताटलीत कालवून कागदावर नेता येत नाही. जो मिलाफ व्हायचा तो कागदावरच, थरावर थर चढून. खोडरबर लावला तर रंग जाण्याऐवजी फरफटतो. दाबून गिरवले की कागदाची खरखर मेणाने बुजून जाते आणि वर दुसरा थर बसत नाही. म्हणून पहिले चार-पाच थर पेन्सिलीच्या वजनाहून अधिक भार न देता चढवावे लागतात. गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी साय येते, ती मेण वर आल्याची खूण. मऊ फडक्याने हलकेच पुसली की जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पांढरी पेन्सिल गडदावर उजेड आणू शकत नाही. उजेड म्हणजे उघडा ठेवलेला कागद. डोळ्यातला तेजाचा ठिपका, नाकाच्या शेंड्यावरची चकाकी, खालच्या ओठावरची ओल, ही स्थाने पहिल्या रेषेपूर्वीच ठरवून राखावी लागतात. घर बांधण्याआधी अंगण सोडावे तसे.

हे सारे अडचणींसारखे वाटते. पण माणसाची त्वचा काढताना यांतली प्रत्येक अडचण उपयोगी पडते. कारण त्वचा हीदेखील थरांचीच बनलेली आहे. तिच्यावर पडलेला प्रकाश काहीसा वरूनच परततो आणि काहीसा आत शिरतो. आत मेलॅनिन नावाच्या तपकिरी द्रव्याच्या कणांतून आणि त्याखालच्या रक्तातून फिरून, तांबूस होऊन तो बाहेर येतो. आपण ज्याला 'वर्ण' म्हणतो तो असा आतून आलेला उजेड असतो. पातळ थरांतून कागदाचा शुभ्रपणा जेव्हा वर येतो, तेव्हा जवळजवळ तीच क्रिया कागदावर घडते. एकाच तपकिरी पेन्सिलीने भरून काढलेला चेहरा लाकडी बाहुलीसारखा का दिसतो, त्याचे कारणही हेच; त्यात आत काही नसते.

समजा, समोर गव्हाळ वर्णाची, पन्नाशीतली एक स्त्री बसली आहे आणि खिडकी तिच्या डाव्या हाताला आहे. मी प्रथम तिचे कुंकू भरतो. हे चित्रशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मला आढळलेले नाही, पण त्याचा फायदा मोठा आहे: कागदावर एक निर्भेळ लाल रंग आला की बाकीच्या सर्व रंगांना माप मिळते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर कोणताही तपकिरी थर फार गडद भासतो आणि हात आपोआप आखडतो. शिकाऊ चित्रांत आपली माणसे फिकट निघतात त्याला मनाइतकाच हा कोरा कागदही कारण आहे. कुंकवानंतर सगळ्या चेहऱ्यावर, चकाकीच्या जागा सोडून, पिवळ्या मातीचा एक अगदी विरळ थर. त्यावर भाजलेल्या विटेचा. गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी आणि पापण्यांच्या कडा येथे किरमिजी. मग गडद तपकिरी, पण सर्वत्र नव्हे.

आता उजव्या गालाची सावली. येथे स्वयंशिक्षित माणसाचा हात काळ्या पेन्सिलीकडे वळतो, आणि येथेच चेहऱ्यावर काजळी धरते. सावली म्हणजे रंगाचा अभाव ही समजूत खिडकीशी पाच मिनिटे बसून पाहणाऱ्याची टिकत नाही. गव्हाळ गालाच्या सावलीत जांभळा असतो, कानामागे लालभडक उष्णता असते, हनुवटीखाली लुगड्याचा रंग उसळून आलेला असतो. हिरवे लुगडे असेल तर तेथे हिरवी झाक दिसतेच. तपकिरी थरावर गडद निळ्याचा एक हात फिरविला की त्या दोघांतून जो काळोख उतरतो तो जिवंत असतो. काळी पेन्सिल मी डोळ्याच्या बुबुळासाठी आणि मंगळसूत्राच्या मण्यांसाठी ठेवतो.

एक गोष्ट परकीय पुस्तकांवरून शिकणाऱ्याने जपून घ्यावी. त्या चित्रशाळांतून एक आडाखा सांगतात की कपाळ पिवळट, डोळ्यांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा पट्टा तांबूस, आणि खाली, विशेषतः पुरुषांच्या हनुवटीवर, निळसर करडा. आडाखा खोटा नाही. पण आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडांशी वर्ण मुळातच गडद असतो, आणि कपाळ गालांहून काळवंडलेले असते. ती सावली नव्हे, तो वर्णच आहे. तिला सावली समजून रंगविले की ती बाई आजारी दिसू लागते.

आणि वर्ण जसजसा गडद होतो तसतसा पाहण्याचा नियमच बदलतो. गोऱ्या चेहऱ्याची घडण आपण सावल्यांवरून ओळखतो. काळ्या चेहऱ्याची घडण चकाकीवरून ओळखावी लागते. कारण आत शिरलेला उजेड तेथे शोषला जातो आणि वरून परतणारा तेवढा उठून दिसतो. हा परतणारा उजेड त्वचेचा रंग घेत नाही, ज्या दिशेने आला तिचा रंग घेतो. म्हणून दुपारी खिडकीशी बसलेल्या काळ्यासावळ्या माणसाच्या गालफडावर आणि कपाळाच्या उंचवट्यावर आभाळाची निळसर झाक दिसते, तर दिव्याखाली तीच पिवळी होते. घननीळ हा शब्द ज्या भाषेने देवाच्या वर्णाला लावला तिने हे निळे पाहिलेले होते असे मला वाटते.

मघाच्या त्या पेन्सिलीशिवाय मनुष्याचा वर्ण साधता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांची पेटी आजच्या मुलाच्या पेटीहूनही लहान होती. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि उत्तरेकडून, अफगाणिस्तानातून, आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा. जवळजवळ एवढाच कारभार. त्यात अंगाचा रंग म्हणून वेगळी पुडी नव्हती. आणि पहिल्याच लेण्यात पाहावे, तर गोरी, गव्हाळ, तांबूस, हिरवट झाकेची सावळी आणि अगदी काळी अशी सर्व वर्णांची माणसे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी नांदत आहेत. सावळ्या चेहऱ्यांवर नाकाचा दांडा, ओठ, हनुवटी यांच्यावर उजेडाचे हात दिलेले आहेत. वर सांगितलेला चकाकीचा नियम त्या चित्रकारांना हातचा मळ होता.

याहूनही नवल वाटावे अशी गोष्ट एका ग्रंथात आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. स्टेला क्रामरिश यांनी १९२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यापासून कलेच्या अभ्यासकांत तो विशेष प्रसिद्ध आहे. त्यात मूळ रंग पाच मानले आहेत आणि त्यांच्या मिश्रणाचे प्रकार चित्रकाराच्या बुद्धीवर सोपविले आहेत. छाया देण्याच्या क्रियेला तेथे वर्तना असा शब्द असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेषांनी केलेली ती पत्रज, अतिशय सूक्ष्म अशी ती ऐरिक, आणि ठिपक्यांनी केलेली ती बिंदुज. रंगीत पेन्सिल हाती धरून वर्षभर धडपडलेल्या कोणाही माणसाला हे तीन प्रकार वाचून ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटेल. आडव्या-उभ्या रेषांचे जाळे, टोक अगदी बारीक करून एकमेकांत मिसळणारी नाजूक गिरवण, आणि कागदाच्या खाचांतून भरलेले ठिपके, या तीन रीतींपलीकडे आपल्या पेन्सिलीलाही चौथी रीत येत नाही.

ज्याला गुरू नाही त्याने अजिंठ्याला जावे, असे सांगणे सोपे आहे. तेथला उजेड मंद आणि गर्दी पुष्कळ. तथापि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन याच भिंतींपुढे नकला करण्यास बसले, आणि हे काम हंगामाहंगामाने १८८५ पर्यंत चालले. ज्यांच्याजवळ शाळा होती त्यांनाही अखेर भिंतीपुढे बसावे लागले, ही गोष्ट शाळा नसलेल्याला धीर देणारी आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कलाशाळेची पायरी न चढता नाटकांचे पडदे आणि माणसांचे चेहरे असे रंगविले की त्यांचे आडनावच पेंटर होऊन बसले.

शाळेवाचून शिकणाऱ्याला खरा धोका दुसरीकडून असतो. तो बहुधा फोटोवरून शिकतो. जिवंत माणूस तीन तास बसत नाही, फोटो बसतो. आणि 'अगदी फोटोसारखे' ही आपल्या समाजात चित्राची सर्वांत मोठी स्तुती आहे. ती मिळविण्यासाठी बिचारा कापसाने रंग घोटतो, टर्पेंटाइनने थर विरघळवितो, पापण्यांचे केस मोजतो. गुळगुळीतपणा येतो, ते कष्ट पाहून मला आदरही वाटतो, पण चेहरा पाहत राहावासा वाटत नाही. शिवाय ज्या फोटोला तो प्रमाण मानतो त्याचीही एक समजूत असते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्यांना रंग जुळविण्यासाठी एक नमुना पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. 'शर्ली कार्ड' या नावाने तो ओळखला जाई. तिची कांती बरोबर उतरली की यंत्र बरोबर, असा हिशेब. वेगवेगळ्या वर्णांची माणसे त्या कार्डावर एकत्र यावयास शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. तेव्हा आपल्या आल्बमातील मधल्या वर्षांचे रंगीत फोटो, ज्यांत आजोबांचा चेहरा नुसता एक काळसर डाग झाला आहे आणि शेजारच्या भिंतीचा चुना मात्र सुरेख उतरला आहे, ते आजोबांच्या वर्णाबद्दल साक्ष देण्यास लायक नाहीत. आजच्या मोबाइलमधील पुष्कळ कॅमेरे उलट चूक करतात. न सांगता चेहरा उजळवतात आणि सुरकुत्या पुसतात.

वर्णाची आपली शब्दसंपत्ती मोठी आहे. गोरापान, केतकी, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा. चित्रकाराला हेवा वाटावा अशी ही रंगपेटी आहे. परंतु ती पाहण्यासाठी जितकी वापरली गेली त्याहून अधिक मुली दाखविण्याच्या बैठकीत आणि वधू-वरांच्या जाहिरातींत वापरली गेली, आणि तेथे तिची एक उतरंड झाली. देवापुढे ही उतरंड कोठे जाते कोण जाणे. पंढरपूरची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे आणि तिचे एक नाव पांडुरंग, म्हणजे शुभ्र वर्णाचा. या दोन्ही गोष्टी वारकऱ्याच्या मनात शतकानुशतके भांडण न करता राहिल्या आहेत. घरातल्या मुलीच्या बाबतीत तेवढी सवलत मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या आईचा फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. फोटो बोटाच्या दोन पेरांएवढा, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला, कृष्णधवल. एका कोपऱ्यावर कचेरीच्या शिक्क्याची कड उमटलेली. त्यावरून रंगीत चित्र हवे होते. मी विचारले, "वर्णाने कशा होत्या आई?"

"सावळी होती," त्या म्हणाल्या आणि थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही जरा उजळच काढा. त्याच्यावरून तिनं जन्मभर ऐकून घेतलं. माझ्या आजीकडून, आत्यांकडून. आता निदान भिंतीवर तरी तिला कोणी बोलायला नको."

हे सांगणाऱ्या माणसाशी वाद कोणत्या तोंडाने घालावा? उजळ करण्याची मागणी नेहमीचीच. लग्नाच्या चित्रांसाठी येणारे ती हसत हसत करतात आणि मीही ती हसत हसत टाळतो. येथे मात्र तिच्यामागे माया होती. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. त्यांना खिडकीशी बसविले आणि हात टेबलावर ठेवण्यास सांगितले. म्हटले, "तुमच्या हातावरून मला आईच्या वर्णाचा अंदाज द्या. यापेक्षा कशी?" त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला. "ह्याच्याहून एक छटा गडद. पण इथं, मनगटाजवळ आहे ना, तसा तांबूसपणा होता तिला. चुलीपुढं बसून उठली की जास्तच." मी पेन्सिली एकेक करून त्यांच्या हाताशेजारी कागदावर ओढून दाखवू लागलो. ही नको. ही फार पिवळी. ही चालेल, पण हिच्यावर ती मघाची लाल ओढा पाहू. हळूहळू त्याच निवडू लागल्या. दीड-दोन तासांत अकरा पेन्सिली बाजूला निघाल्या. दोन तपकिरी, गेरूचा एक, किरमिजी, जांभळी, निळी, आणि कधी कोणी चेहऱ्यासाठी घेणार नाही अशी एक शेवाळी हिरवी. "तिच्या डोळ्यांखाली होतं असं काहीतरी," त्या म्हणाल्या. ती फिकट गुलाबी पेन्सिल त्यांनी हातातही घेतली नाही, आणि उजळ करण्याचा शब्द पुन्हा निघाला नाही. चुलीविषयी मात्र त्या बराच वेळ बोलत राहिल्या.

चित्राला पाच आठवडे लागले. त्या येऊन घेऊन गेल्या. पाहताना काही बोलल्या नाहीत, पैसे मोजून दिले आणि चित्र पदराखाली धरून उतरल्या, पाऊस नव्हता तरी. दोन महिन्यांनी त्यांच्या बंधूंचा फोन आला. चित्र उत्तम आहे, पण फोटोत आई एवढी काळी दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. चित्र कोठे लावले आहे ते मी विचारले. बाहेरच्या खोलीत, दारासमोर, जेथे संध्याकाळी तिरपे ऊन येते तेथे. ते तेवढे तेथून हलवा, असे मी त्यांना सांगितले; वर्णाविषयी आम्ही दोघेही पुढे बोललो नाही.

उन्हाचे मी म्हणालो ते टाळण्यासाठी नव्हे. रंगीत पेन्सिलीच्या सगळ्या छटा सारख्या टिकाऊ नसतात. गुलाबी आणि जांभळ्या जातीतल्या कित्येक उन्हात उडतात. चांगले कारखाने पेन्सिलीवर टिकाऊपणाच्या खुणा छापतात, पण स्वस्त पेटीत त्या नसतात. तेव्हा परीक्षा घरीच करावी. एका पट्टीवर सगळ्या पेन्सिली ओढाव्या, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकावी आणि दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत तीन-चार महिने ठेवून द्यावी. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरले की कोणाचा भरवसा धरावा ते कळते. गेरू, पिवळी माती यांसारखे लोखंडाच्या गंजापासून होणारे मातीचे रंग बहुधा जसेच्या तसे राहतात. अजिंठ्याला ते राहिलेच आहेत. त्या अकरांपैकी किरमिजी आणि जांभळी यांची परीक्षा मी आधीच करून ठेवली होती आणि तग धरणाऱ्या कारखान्याच्याच घेतल्या होत्या, तरी समोरचे ऊन कोणत्याही चित्राला नको. काच लावताना ती कागदाला टेकू देऊ नये. मधे पुठ्ठ्याची चौकट असावी, नाहीतर मेण काचेला चिकटते. आणि भिंत शक्यतो आतली निवडावी, ओल न येणारी, जेथे दिवसा बाजूने उजेड येतो पण ऊन येत नाही. स्वयंपाकघराच्या दारासमोरची भिंत पुष्कळ घरांत तशी असते.